नव्या कॉम्प्युटरवर बीटा सिस्टिम आणि रॅमची तपासणी : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात नवं मशीन घेऊन त्यावर विंडोजची किंवा लिनक्सची येऊ घातलेली कच्ची आवृत्ती, म्हणजे बीटा, चालवून बघणाऱ्यांची ही प्रश्नावली आहे. निम्मे प्रश्न बीटाचे म्हणून येतात आणि शेवटी रॅमचे, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीचे, निघतात. म्हणून दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

नवीन मशीन जोडून आणलंय. बीटा लगेच टाकू का?

नको. नव्या मशीनमध्ये रॅम, मदरबोर्ड, बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सगळंच अजून अनोळखी असतं. त्यात कच्ची सिस्टिम घातली आणि मशीन हँग झालं की बोट कुणाकडे दाखवायचं तेच कळत नाही. दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर, बीटावाले म्हणतात हार्डवेअर. दोघांचंही म्हणणं खोडता येत नाही.

क्रम असा ठेवा : पहिल्या रात्री रॅमची चाचणी. मग पक्की, प्रसिद्ध झालेली सिस्टिम टाकून चार-पाच दिवस रोजचं काम. त्यानंतर बायोस अपडेट लागत असेल तर तो, आणि पुन्हा एक छोटी चाचणी. बीटा सगळ्यांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि कधी काय बदललं ते वहीत तारखेसह लिहायचं. वही कंटाळवाणी वाटते, पण वॉरंटीच्या टेबलावर तीच बोलते.

बीटा, डेव्ह, कॅनरी, डेली बिल्ड... यातलं घ्यायचं कुठलं?

विंडोजच्या कच्च्या आवृत्त्या आधी देणारा इन्सायडर कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये कॅनरी धरून त्याच्या चार वाटा झाल्या. रिलीज प्रिव्ह्यू म्हणजे जवळजवळ तयार माल. बीटा थोडा कच्चा. डेव्ह आणि कॅनरी म्हणजे भट्टीतून नुकतंच काढलेलं, हात भाजण्याची तयारी असणाऱ्यांसाठी. नवख्याने रिलीज प्रिव्ह्यू किंवा बीटाच घ्यावं. कॅनरीतून परत यायचं तर मशीन फॉरमॅट मारून पहिल्यापासून सिस्टिम टाकावी लागते, हे आधी लक्षात घ्या. इन्सायडरमध्ये शिरायला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि वापराची जादा माहिती कंपनीला पाठवायची परवानगीही द्यावी लागते. ज्यांना ते नको, त्यांनी इथेच थांबावं.

लिनक्सच्या बाजूला उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं. आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिना सांगतो, म्हणजे २४.०४ हे २०२४ च्या एप्रिलचं. प्रसिद्धीच्या काही आठवडे आधी बीटा निघतं आणि त्याच्याही आधीपासून रोजचे बिल्ड, म्हणजे त्या दिवशी तयार झालेली कच्ची आवृत्ती, मिळतात. फेडोरा आणि डेबियन हीही लिनक्सचीच रूपं. फेडोरामध्ये सतत बदलत राहणारी शाखा रॉहाइड, डेबियनमध्ये टेस्टिंग आणि सिड.

बीटावर बँकेचं काम, जीएसटी, डिजिटल सही चालेल का?

चालेलही, पण करू नका. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम), जुना प्रिंटर आणि जुन्या फाँटची डीटीपी सॉफ्टवेअर ही तीन माणसं नव्या बिल्डवर सगळ्यांत आधी रुसतात. आपल्याकडे एकाच मशीनवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी असते. लग्नसराईत पत्रिका छापणाऱ्या प्रेसच्या मशीनवर बीटा घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सुरक्षेचाही मुद्दा आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो डेबियन सिड आणि फेडोरा रॉहाइडसारख्या कच्च्या शाखांपर्यंत पोचला होता, बहुतेक पक्क्या आवृत्त्या वाचल्या. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागतोय हे जाणवलं आणि तिथून छडा लागला. बीटा वापरणाऱ्याचं खरं काम ते असं. पण त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड नको.

मुख्य सिस्टिम न बिघडवता बीटा कुठे चालवू?

सगळ्यांत सुरक्षित म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालू सिस्टिमच्या आत एका खिडकीत चालणारं नकली मशीन. व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क द्या, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) चालू करा. मशीनमध्ये एकूण ८ जीबीच रॅम असेल तर हा खेळ रडत चालतो, १६ हवी. मात्र इथे तुमचा खरा वायफाय, ग्राफिक्स, झोपलेला लॅपटॉप उठणं यांची परीक्षा होत नाही.

लिनक्स असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह उत्तम. डिस्कला हात न लावता खऱ्या हार्डवेअरवर चालतं. कायम वापरायचं तर वेगळी एसएसडी लावा, २५६ जीबी पुष्कळ झाली. बीटा टाकताना मुख्य एसएसडीची केबल काढून ठेवा किंवा बायोसमधून ती बंद करा. म्हणजे बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) चुकीच्या डिस्कवर जाऊन बसत नाही. एकाच डिस्कचे तुकडे पाडून दोन सिस्टिम नांदवता येतात, पण ‘विंडोजच गायब झालंय’ असे जेवढे फोन येतात ते बहुतेक याच घरातले.

खानापूरच्या पुढे नेट नीट नाही. पाच-सहा जीबीची फाइल आणायची कशी?

कणकुंबी, जांबोटीकडच्यांचा हा नेहमीचा प्रश्न. बेळगावात चांगल्या लाइनवर आयएसओ (सिस्टिम टाकायची फाइल) उतरवून पेनड्राइव्हवर आणा. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही आणि विंडोज जागा असतानाही ‘फाइल फार मोठी’ म्हणतं. एक्सफॅट करून घ्या.

घरी आल्यावर चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवा. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ निवडा आणि डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला नाही तर त्या फाइलवरून सिस्टिम टाकायची नाही.

इथेच रॅमची एक फुकटची चाचणी होऊन जाते. त्याच फाइलचा चेकसम मशीन रीस्टार्ट करून दोन-तीनदा काढा. दर वेळी वेगळा आकडा आला तर फाइलला दोष देऊ नका. फाइल खराब असती तर चुकीचा का होईना, आकडा तोच आला असता. वेगवेगळे आकडे म्हणजे रॅम, नाहीतर डिस्क, नाहीतर पेनड्राइव्ह दगा देतोय.

बिघाड बीटाचा की रॅमचा, ओळखायचं कसं?

बीटाचा दोष बहुधा ठरलेल्या जागी भेटतो. अमुक बटण दाबलं की सेटिंग बंद पडतं, दर वेळी तेच, आणि त्याच बिल्डवर इतरांचीही तीच तक्रार असते. रॅमचा दोष भुतासारखा, आज इथे, उद्या तिथे. एकदा सिस्टिम टाकताना ३४ टक्क्यांवर अडकलं, पुढच्या वेळी ७१ वर. झिप उघडताना मध्येच ‘फाइल खराब’. ब्राउझरचे टॅब एकेक करून कोसळतात. क्रॅशचे संदेश रोज वेगळे : कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. तीन दिवसांत तीन वेगळे संदेश दिसले तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी रॅम तपासा.

पडद्याच्या रंगावरून निदान करू नका. विंडोजचा क्रॅश पडदा वर्षानुवर्षं निळा होता, इन्सायडर बिल्डमध्ये २०१६ च्या अखेरीपासून हिरवा दिसू लागला, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ वर काळा आला. रंग फक्त आवृत्ती सांगतो.

खात्री करायची तर पक्क्या सिस्टिमवर तेच काम करून बघा. तिथेही कोसळलं तर बीटा निर्दोष.

रॅमची चाचणी नेमकी कशी करायची?

विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडतं. मशीन रीस्टार्ट होऊन चाचणी सुरू झाली की एफ १ दाबा आणि ‘एक्स्टेंडेड’ निवडा. नुसती मूळ चाचणी फार वरवरची आहे. निकाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जच्या सिस्टिम भागात मेमरी डायग्नॉस्टिक्स रिझल्ट्स या नावाने मिळतो. तिथे दोष दिसला तर दोष आहे. दिसला नाही म्हणून रॅम चांगली असं मात्र धरू नका.

भरवशाची चाचणी मेमटेस्ट ८६ प्लसची. ते मुक्त आणि मोफत आहे, आणि २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआय (बायोसचं नवं रूप) असलेल्या नव्या मशीनवरही चालतं. एक जीबीचा जुना पेनड्राइव्हसुद्धा पुरतो, फक्त त्यातलं सगळं पुसलं जाईल. रुफस या प्रोग्रामने त्यावर मेमटेस्टची फाइल उतरवा, मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबा (कंपनीप्रमाणे एफ ८, एफ ११ किंवा एफ १२) आणि पेनड्राइव्ह निवडा.

सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना अनोळखी प्रोग्रामला अडवणारी सोय, यामुळे ते सुरू झालं नाही तर बायोसमध्ये तेवढ्यापुरतं सिक्युअर बूट बंद करा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही पायरी गाळू नका. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एनक्रिप्शन आपोआप चालू असतं, आणि सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती की मागतं. नसेल तर डेटा कुलपात.

किमान चार पास, म्हणजे चाचणीच्या चार फेऱ्या, पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, ३२ ला त्याहून जास्त. रात्री जेवून लावायचं आणि सकाळी चहाच्या वेळी बघायचं. कॅबिनेटचं झाकण बंद ठेवा, रॅम रोज ज्या उष्णतेत राहणार त्याच उष्णतेत तपासायची. एरर शून्य हवा. ‘आठ तासांत एकच आला’ म्हणजे नापास. एक बिट उलटला तरी फाइलमधला नेमका कुठला अक्षर-आकडा बदलेल याचा नेम नाही.

एरर आला. आता कुठली स्टिक (रॅमची पट्टी) खराब ते कसं कळणार?

मशीन बंद करा, एसएमपीएसचं बटण शून्यावर, प्लग काढा. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका.

चार स्लॉट असतील तर एकेरी स्टिक सहसा सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि जोडी दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून खात्री करा. खाच जुळवून दोन्ही टोकं टक् आवाज येईपर्यंत दाबा. नव्या मशीनमध्ये अर्धवट बसलेली स्टिक हेच कारण कितीदा तरी निघतं, विशेषतः दुकानातून मोटरसायकलवर आणलेल्या कॅबिनेटमध्ये.

पहिली स्टिक एकटी लावून चाचणी, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एक पास, एक नापास झाली तर नापास झालेली बदलायची. दोन्ही पास झाल्या तर त्यातली एक वेगळ्या स्लॉटमध्ये लावा. तिथे एरर आला तर स्लॉट किंवा बोर्ड, कधीकधी सीपीयूखालची वाकडी पिन. सगळीकडे एकटी पास आणि जोडीनेच नापास होत असेल तर वेगाचा प्रश्न आहे, पुढचं उत्तर वाचा.

खोडरबरने सोनेरी पट्टी घासायची जुनी सवय नव्या रॅमवर नको. काही महिने वापरलेल्या, पावसाळ्यात ओल लागलेल्या स्टिकवर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं ठीक. पॉलिश पेपर कधीच नाही.

६००० ची रॅम घेतली, मशीन ४८०० दाखवतंय. फसवलं का?

नाही. डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅमचा मूळ ठरलेला वेग साधारण ४८०० पासून सुरू होतो. डब्यावरचा ६००० हा आकडा एक्सएमपी किंवा एक्स्पो ही प्रोफाइल (वेगाची तयार मांडणी) बायोसमध्ये चालू केल्यावर मिळतो. तसंच, काही सॉफ्टवेअर निम्मा आकडा दाखवतात. ३२०० ची डीडीआर ४ तिथे १६०० दिसते, कारण एका ठोक्यात दोनदा डेटा जातो.

प्रोफाइल चालू करणं म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंग, मूळ ठरल्यापेक्षा जोरात पळवणं, आहे. म्हणून चाचणी दोनदा करा, एकदा मूळ वेगावर, एकदा प्रोफाइलवर. फक्त प्रोफाइलवर एरर येत असेल तर बायोस अपडेट करून बघा, नाहीतर ५६०० वर उतरा. रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही. डीडीआर ५ च्या चार स्टिक लावल्या की वेग आणखी खाली येतो, त्यामुळे ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन घ्या, ८ च्या चार नको. आणि दोन्ही एकाच डब्यातल्या. वेगवेगळ्या काळात घेतलेल्या ‘सारख्याच’ स्टिकमध्ये आतली चिप वेगळी असू शकते.

बीटा तपासत असाल तर प्रोफाइल बंदच ठेवा. एक शंका कमी.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच. रॅम मेली का?

थांबा. डीडीआर ५ च्या मशीनला पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात. घाबरून बटण दाबून बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं तरी हात लावू नका. नंतर बोर्डावरचा छोटा दिवा बघा. डीरॅम लिहिलेल्या जागी अडकला असेल तर एकच स्टिक लावा, बायोसचा नाण्यासारखा सेल (सीआर २०३२) पाच मिनिटं काढून परत घाला.

१६ जीबी घेतली, विंडोज १५ च्या आसपास वापरण्याजोगी म्हणतंय. आणि एकाकडे तर ८ च दिसते.

पहिलं बरोबर आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स थोडी रॅम स्वतःसाठी राखून ठेवतं. दुसऱ्यासाठी आधी बायोसमध्ये बघा. तिथेही ८ असेल तर एक स्टिक नीट बसलेली नाही. बायोसमध्ये १६ आणि विंडोजमध्ये ८ असेल तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ‘मॅक्सिमम मेमरी’ला टिक आहे का पाहा, असेल तर काढा. कुठल्या तरी व्हिडिओत बघून ‘स्पीड वाढवायला’ ही टिक केलेली असते.

बीटा टाकल्यापासून रॅम भरतच जाते. हा बिघाड की असंच असतं?

कॅशने, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या माहितीने, भरलेली रॅम हा बिघाड नाही. मोकळी पडलेली रॅम कुणाच्याच कामाची नसते. लिनक्सवर फ्री हा आदेश दिल्यावर ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’चा रकाना वाचा.

खरी गळती वेगळी दिसते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ आणि ‘नॉन-पेज्ड पूल’ हे आकडे मशीन चालू केल्यावर, दोन तासांनी आणि रात्री लिहा. सगळे प्रोग्राम बंद करूनही नॉन-पेज्ड पूल चढताच राहिला तर एखादा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नाहीये. बीटामध्ये हे होतं. ही गळती मेमटेस्टला दिसत नाही आणि रॅम बदलून थांबत नाही, ती कळवायची असते.

विजेचा यात काही संबंध आहे का? आमच्याकडे पंप सुरू झाला की दिवे मिणमिणतात.

आहे. शेतावरचे पंप असोत की उद्यमबागेकडची मोठी मोटर, सुरू होताना व्होल्टेज खाली जातं आणि हलक्या एसएमपीएसमुळे मशीन रीस्टार्ट होतं. ते रॅमच्या बिघाडासारखंच दिसतं. फरक असा की तेव्हा क्रॅशचा पडदा येत नाही, मशीन सरळ विझून पेटतं. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो पण अर्थिंगची तार जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या : फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको.

घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पालट व्हायला वेळ लागतो. बायोस अपडेट मात्र यूपीएसशिवाय करायचाच नाही, आणि खानापूर भागात जून ते सप्टेंबर तर दिवस बघूनच करायचा.

मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्याने बीटामध्ये काय तपासावं?

हे काम सीमाभागातल्या माणसाने केलं नाही तर दुसरं कोण करणार? पुण्यातल्याला कन्नड येत नाही, बेंगळुरूतल्याला बहुधा मराठी नाही.

‘ऱ्हास’, ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ लिहून बघा. अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा दिसायला हवा, रफार होता कामा नये. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिप्यांच्या प्रमाण यादीत) २००८ ला आलं. कीबोर्ड ते एकच अक्षर देतो की अ, जोडणारं अदृश्य चिन्ह आणि चंद्र असे तुकडे जोडतो, ते पाहा, कारण मग शोधताना एकाला दुसरं सापडत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. सिस्टिमची भाषा मराठी ठेवूनही हिंदी वळण दिसलं तर ते कळवण्याजोगं. फाइलींची नावं मराठीत देऊन क्रम लावा : ळ ह नंतर यायला हवा, क्ष आणि ज्ञ शेवटी. कन्नडमध्ये अर्कावत्तू, म्हणजे अक्षराच्या मागे लिहिला जाणारा र, जागेवर बसतो का ते पाहा. एकाच ओळीत दोन्ही लिप्या लिहून मध्येच बॅकस्पेस मारा आणि विंडोज व स्पेसबार दाबून कीबोर्ड पालटा. कर्सर इथेच चुकतो.

बिघाड कळवायचा कुठे, आणि कुठल्या भाषेत?

विंडोजवर विंडोज आणि एफ या कळा एकत्र दाबल्या की फीडबॅक हब उघडतं. उबुंटूसाठी लाँचपॅड, फेडोरासाठी बगझिला. इंग्रजीत लिहा, साधं चालतं. बिल्डचा पूर्ण आकडा, मशीनचं मॉडेल, पायऱ्या एकेक करून, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. अक्षराचा प्रश्न असेल तर स्क्रीनशॉट जोडाच, समोरच्याला ‘ऱ्य’ वाचता येत नसतो. आणि ‘मेमटेस्ट चार पास, शून्य एरर’ हे एक वाक्य घाला. हार्डवेअरची शंका तिथेच संपते.

रॅम कोल्हापुरातून घेतली, राहतो बेळगावात. वॉरंटीसाठी परत तिकडे जायचं का?

वॉरंटी कंपनीची असते, राज्याची नाही. बहुतेक कंपन्या स्टिकवरचा अनुक्रमांक आणि बिल बघून सेवा केंद्रातून बदलून देतात. म्हणून घेतानाच बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि स्टिकवरचं लेबल सोलू नका. चांगला पंखा लावायच्या नादात उष्णता-पट्टी काढली तर वॉरंटी गेली. जोडीतली एकच खराब निघाली तरी दोन्ही पाठवा, म्हणजे जुळलेली जोडी परत मिळते. सोबत मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो द्या, त्यात वेळ आणि रॅमचा वेग दिसायला हवा. तो वेग मूळ ठरलेला असू द्या, एक्सएमपीवरचा फोटो दिलात तर ‘आधी प्रोफाइल बंद करा’ हे उत्तर येतं आणि आठवडा जातो.

दुकानदार आणि कंपनी दोघंही ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे खरेदी कोल्हापूरची असली तरी अर्ज बेळगावात चालतो.